जीव पाठव ना!

गेल्या रविवारी सकाळी पावणेआठला आईचा फोन आला. एरवी रविवारी फोन मीच करतो, साडेदहाच्या सुमारास, चहाचा दुसरा कप संपला की. गेली कित्येक वर्षं हा नेम आहे. त्यामुळे भल्या सकाळी तिचं नाव स्क्रीनवर दिसल्यावर पोटात गोळाच आला. बाबांना काही झालं का, तिचा गुडघा परत दुखायला लागला का.. दोन सेकंदांत सगळं डोक्यातून जाऊन आलं.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही रे. झोपला होतास का? मला एक जीव पाठव ना."

जन्मदात्या आईने सकाळी फोन करून आपल्याकडे जीव मागितला तर काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याही संस्कारवर्गात शिकवत नाहीत. दोन मिनिटांनी उलगडा झाला. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरात बसून काढावे लागले. तेव्हा शेजारच्या मुलीने तिच्या फोनवर रंगीत गोट्या जुळवायचा एक खेळ टाकून दिला. पाच जीव असतात. हरलात की एक जातो. गेलेला जीव परत यायला अर्धा तास लागतो, नाहीतर ओळखीच्या कुणाकडून मागून घ्यायचा. (त्यासाठी त्या ओळखीच्या माणसानेही तो खेळ आपल्या फोनवर घ्यायचा, हे ओघाने आलंच.) शेजारची मुलगी परीक्षेला बसलीय, म्हणून आता माझा नंबर. आई १८४० व्या लेव्हलवर आहे. अठराशे चाळीस! मी आयुष्यात कुठलीच गोष्ट अठराशे चाळीस वेळा चिकाटीने केलेली नाही, दात घासणं सोडून.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. असल्या खेळांच्या पोटात काय असतं ते मला माहीत आहे. मग मी तिला दहा मिनिटं लेक्चर दिलं. हे खेळ कसे मुद्दाम असे बनवतात, अर्ध्या तासाचं गणित काय असतं, एका लेव्हलवर कसं अडकवून ठेवतात, वगैरे वगैरे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आणि तू खेळायचास ते सगळे चांगले होते होय रे?"

"ते वेगळे होते गं."

"वेगळे म्हणजे कसे?"

"सांगतो नंतर," म्हणून मी फोन ठेवला. तर मंडळी, हे ते 'नंतर'.

आधीच सांगतो, मी काही मोठा गेमर वगैरे नाही. माझ्या मशीनला धड ग्राफिक्स कार्ड नाही, आणि खाली जे खेळ येतील त्यातले निम्मे मी पुरेसुद्धा केलेले नाहीत. पण तीसेक वर्षं खेळतोय, आणि पहिल्यांदाच प्रामाणिकपणे मत द्यायला बसलोय. तुमच्या लाडक्या खेळाला नावं ठेवली गेली तर मोठ्या मनाने सोडून द्या.

प्रिन्स

कॉम्प्युटर पहिल्यांदा बघितला तो १९९३ साली, मामाच्या ऑफिसात. मामा सांगलीत लोकांची टॅक्सची कामं करायचा. कॉम्प्युटरला स्वतंत्र खोली, खोलीला एसी, कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर, आणि खोलीबाहेर चपला काढायच्या. देवघरच! शनिवारी दुपारी ऑफिसातली मंडळी घरी गेली की मामा मला आत सोडायचा.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला. १९८९ मध्ये तो ॲपल टू वर आला, १९९० मध्ये डॉसवर. त्यातला राजपुत्र धावताना, उडी मारून कड्याला लोंबकळताना खराखुरा माणूस वाटतो, कारण तो खराखुरा माणूसच आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम बघून चित्रं गिरवली. धाकट्या भावांचा असा उपयोग करावा हे मला फार उशिरा कळलं.

खेळायला मिळतात साठ मिनिटं. मेलात तर ती लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, पण घड्याळ काही मागे जात नाही. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा उभा राहतो. धावत येऊन त्यातून उडी मारली की आपण इकडे आणि आपली सावली आरशातून निघून तिकडे पळते. मग ती पुढे पुढे त्रास द्यायला येते. आपल्या वाटचं औषध पिऊन टाकते, आपण उडी मारून पोचणार तेवढ्यात दार लावून घेते. आणि बाराव्या लेव्हलला तलवार उपसून समोर उभी! तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी होतो. मी तीन शनिवार तिला, म्हणजे स्वतःलाच, मारत होतो. शेवटी मामा फायलीतून डोकंही वर न काढता म्हणाला, "अरे, तलवार आत घाल की."

खालचा बाण दाबला. तलवार म्यानात गेली. सावलीनेही म्यान केली. चालत गेलो आणि दोघं एक झालो. तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला, तसा काटा नंतर मोठमोठ्या सिनेमांनीही आणला नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर ह्या सावलीची गोष्ट कळली. ॲपल टू च्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एक पिक्सेल सरकवून स्वतःशीच एक्स-ऑर केली, आणि झाला शत्रू तयार! मेमरी संपली म्हणून अख्ख्या खेळाला गोष्ट मिळाली. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, आणि त्यातला मूळ कोड त्याने सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवला. मी उघडून बघितला. ६५०२ चं असेंब्ली, मला दहा टक्केसुद्धा कळलं नाही, पण चपला काढून बघावा असा कोड.

खोट? आहे ना. राजपुत्र बटण सोडल्यावरही एक पाऊल जास्त टाकतो, आणि ते पाऊल नेमकं खड्ड्यात पडतं. पण मेलो तर चूक माझी असायची. आणि सोमवार ते शुक्रवार तो राजपुत्र मामाच्या मशीनमध्ये गपचूप पडून असायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हॉस्टेल

इंजिनियरिंगला पुण्यात आलो. आमच्या मजल्यावरच्या आठ जणांनी २००१ मध्ये वर्गणी काढून एक हब घेतला आणि व्हरांड्यातून वायरी ओढल्या. 'अभ्यासासाठी'.

'एज ऑफ एम्पायर्स टू' हा १९९९ चा खेळ. माझं प्रामाणिक मत: हा जगातला सर्वोत्तम खेळ आहे आणि मला तो अजिबात येत नाही. मला गाव वसवायला आवडतं. शेतं एका ओळीत, घरं दुसऱ्या ओळीत, भोवती सुंदर तटबंदी. अठराव्या मिनिटाला माझा रूममेट घोडेस्वार घेऊन यायचा आणि विसाव्या मिनिटाला माझ्या टाउन प्लॅनिंगची राखरांगोळी. "तुझा टाउन सेंटर रिकामा बसलेला असतो," तो म्हणायचा. म्हणजे काय, तर ५० अन्न खर्च करून एक गावकरी तयार होतो, आणि हे काम एक क्षणही थांबता कामा नये. मी मात्र अन्न साठवून ठेवायचो. मध्यमवर्गीय संस्कार, दुसरं काय! कंपाउंडिंग म्हणजे काय हे मला पुढे म्युच्युअल फंडवाल्याने समजावलं तेव्हा मी म्हटलं, अरेच्चा, हा तर टाउन सेंटर. हा खेळ अजून जिवंत आहे. २०१९ मध्ये नव्याने सजून आला, आणि २०२२ मध्ये त्यात बंगाली, द्रविड, गुर्जर असे वेगळे गट आले. मी द्रविड घेऊन खेळून बघितलं. अठराव्या मिनिटाला हरलो.

'काउंटर-स्ट्राइक' बद्दल वेगळंच मत आहे. हा मुळात 'हाफ-लाइफ' वर हौशी पोरांनी केलेला मॉड, १९९९ चा. ह्यात मेलात की मेलात. राउंड संपेपर्यंत बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं. मला वाटतं ह्या खेळाची सगळी गंमत त्या बसण्यात आहे. जिवंत असताना आपण फक्त गोळ्या झाडतो. मेल्यावर आपल्याला कळतं की 'डस्ट टू' मध्ये आपण रोज त्याच दारातून बाहेर येतो आणि रोज तिथेच मरतो. ४७५० डॉलरची एडब्ल्यूपी घ्यायला मित्रांकडून उधार मागता येत नसे, पण त्यांनी टाकून दिलेली बंदूक उचलता यायची. हॉस्टेलच्या अर्थव्यवस्थेशी हे अगदी जुळणारं होतं. बाँब ४५ सेकंदांत फुटायचा, निकामी करायला १० लागायची, कीट असेल तर ५. ह्या हिशेबात एकदा मी इतका गुंगलो की ओरलला चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. एक्स्टर्नल चहा पीत होते म्हणून वाचलो. खोट म्हणाल तर, महाराष्ट्राच्या बहुतेक सगळ्या जिल्ह्यांतल्या शिव्या मी ह्या खेळामुळे शिकलो. त्यातल्या काही अजूनही प्रॉडक्शन डाउन झाल्यावर तोंडात येतात.

बेंच

पहिली नोकरी लागली आणि कंपनीने तीन महिने बेंचवर बसवलं. तिथे भेटला 'माइनस्वीपर'. विंडोज ३.१ बरोबर १९९२ मध्ये आलेला हा साधासुधा खेळ. एक्स्पर्टला ३० गुणिले १६ चौकोन, त्यात ९९ सुरुंग. ह्या खेळाला लोक टाइमपास समजतात. २००० साली रिचर्ड के नावाच्या गणितज्ञाने सिद्ध केलं की दिलेला पट सुसंगत आहे की नाही हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे मी बेंचवर बसून गणितातल्या एका महाकठीण प्रश्नाशी झुंजत होतो. हे मॅनेजरला सांगायची संधी मिळाली नाही.

ह्याच्यातला एक दिलदारपणा मला फार आवडतो. पहिल्या क्लिकला सुरुंग कधीच लागत नाही. लागणार असेल तर प्रोग्रॅम गुपचूप तो उचलून दुसरीकडे ठेवतो. आणि एक दगलबाजीही आहे. सगळं तर्काने सोडवत आणल्यावर शेवटी दोन चौकोन उरतात, आणि त्यात कुठला कुठे हे कुठल्याच आकड्यावरून ठरत नाही. डोळे मिटायचे आणि दाबायचं. तेव्हा ह्याचा राग यायचा. आता वाटतं, नोकरीची एवढी खरी तयारी कुठल्याच ट्रेनिंगने करून घेतली नाही.

गांधीजी आणि अणुबाँब

'सिव्हिलायझेशन' हा सिड मायरचा १९९१ चा खेळ. एक संस्कृती घ्यायची, इसवी सनापूर्वी ४००० पासून सुरुवात करायची आणि एकेक डाव टाकत अवकाशयुगापर्यंत न्यायची. त्यात भारताचे नेते म्हणून गांधीजी आहेत, आणि ते तुम्हाला अणुबाँबची धमकी देतात! त्याचं एक कारण सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांना तोंडपाठ असतं: गांधीजींचा आक्रमकपणा १ ठेवला होता, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले, आकडा ऋण होऊ शकत नव्हता म्हणून तो उलटा फिरून थेट २५५ झाला. झाले गांधीजी चंगीझखान!

ही गोष्ट मी किती वर्षं, किती नव्या पोरांना रंगवून रंगवून सांगितली असेल! आणि २०२० मध्ये सिड मायरने आत्मचरित्रात लिहिलं की असा बग कधी नव्हताच. ही निव्वळ नंतर पसरलेली दंतकथा. दहा वर्षं मी ट्रेनिंग रूममध्ये उभा राहून न तपासलेली गोष्ट ठोकून देत होतो, आणि तीही 'नेहमी तपासून बघा' हे शिकवताना. असो.

खेळाबद्दल मत? भयंकर व्यसनी. "फक्त अजून एक डाव" म्हणत मी कितीतरी रात्री पहाटे चारपर्यंत जागलोय. लग्नानंतर एकदा बायको पाणी प्यायला उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "कितवं शतक?" मी म्हटलं सतरावं. ती परत जाऊन झोपली. इथे आईचा प्रश्न मला खरा टोचला. पहाटे चारपर्यंत मला बसवून ठेवणारा हा खेळ चांगला, आणि तिचा गोट्यांचा वाईट, ते कसं काय बुवा?

क्रिकेट

'क्रिकेट ०७' बद्दल थोडक्यात. खेळ म्हणून मस्त, क्रिकेट म्हणून भिकार. एक फटका जमला की त्यावर शतकांमागून शतकं. परवाना फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा असल्यामुळे आपले खेळाडू खोट्या नावांनी खेळायचे. मागे रिची बेनॉ आणि मार्क निकोलस तीच तीच वाक्यं बोलायचे. पण २००६ च्या नोव्हेंबरात आलेल्या ह्या खेळाला पोरांनी वर्षानुवर्षं नवीन टीम, नवीन जर्सी, नवीन स्टेडियमचे पॅच करून जगवलं, फुकट. कंपनीने सोडून दिलेलं कोणीतरी प्रेमाने सांभाळावं, ह्याहून मोठं सर्टिफिकेट खेळाला काय देणार!

स्ट्रॉबेरी

आता माझी लाजिरवाणी गोष्ट. २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला. शेत नांगरायचं, बी पेरायचं, पीक आलं की कापायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. वेळेवर कापली नाही तर वाळून गेली! रात्री अकराला पेरली की पहाटे तीनला कापणी. मी अलार्म लावून उठायचो. खरंच उठायचो.

माझ्या आजोबांची तासगावजवळ द्राक्षबाग होती. रात्रीची लाइट यायची, मग ते कंदील आणि काठी घेऊन पाणी धरायला जायचे. सुट्टीत मी तिथे असायचो. "येतोस का रे?" असं ते विचारायचे आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. खऱ्या बागेसाठी एकदाही न उठलेला मी, खोट्या स्ट्रॉबेरीसाठी उठत होतो. तेव्हा आजोबा हयात होते. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. २०२० च्या ३१ डिसेंबरला तो खेळ कायमचा बंद झाला. माझं शेत तोपर्यंत कधीचं वाळलं होतं.

आणि इथे मला आईच्या "वेगळे म्हणजे कसे?" चं उत्तर सापडलं, असं वाटलं. प्रिन्स आठवडाभर गप्प पडून असायचा. 'सिव्हिलायझेशन' ने मला पहाटेपर्यंत बसवून ठेवलं, पण एकदा मशीन बंद केलं की सतराव्या शतकातली माझी माणसं महिनाभरसुद्धा जिथल्या तिथे थांबायची. पुढच्या रविवारी, नाहीतर पुढच्या दिवाळीत, जेव्हा जाईन तेव्हा. 'फार्मव्हिल' मी खेळलेला पहिला खेळ, जो बंद केल्यावरही बंद व्हायचा नाही. तो मागून हाका मारायचा. ये, नाहीतर पीक जाईल. चांगला खेळ वाट बघतो, वाईट खेळ हाका मारतो. किती वेळ बसवलं हा मुद्दा नाहीच मग, उठल्यावर पाठीमागे लागला का, हा मुद्दा.

(जाता जाता: पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी' ह्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास. चित्रं बघत राहावीत अशी, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. मारामाऱ्या थोड्या वेळाने त्याच त्याच वाटतात, आणि रंगात आला म्हणेपर्यंत संपतो. पण संपतो! हल्ली हा गुण दुर्मिळ आहे.)

बुधवार

एवढं छान उत्तर सापडल्यावर रविवारपर्यंत थांबवेना. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातूनच आईला फोन लावला आणि सगळं ऐकवलं. प्रिन्स, गांधीजी, स्ट्रॉबेरी, सगळं.

"म्हणजे जो हाक मारतो तो वाईट," ती म्हणाली.

"हो. बरोब्बर."

"अरे, तुझा फोन आठवड्यातून एकदा येतो. ह्याचा दिवसातून चार वेळा येतो."

मी गप्प. मागे टीव्हीवरची चर्चा ऐकू येत होती. बाबा समोरच बसलेले असतात, पण ते त्या चर्चेत.

"आज बुधवारी कसा काय केलास?" तिने विचारलं. "बरं वाटलं. मला कळतं रे ते मशीन आहे ते. पण सगळी कामं आवरून दुपारी दोन वाजता बसलं की पाच काही वाजत नाहीत. तेवढ्यात ते वाजतं, 'तुमचे जीव भरले.' म्हटलं चला, कोणीतरी बोलावलं."

आता जे मी तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. तो फोन दिवसातून चार वेळा कधी वाजवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम कसा लिहितात हे मला माहीत आहे, कारण तसा एक मी लिहिलाय. खेळाचा नाही, एका दुसऱ्याच ॲपचा. माणूस एरवी कधी फोन हातात घेतो ते आठवडाभर बघायचं आणि त्याच्या थोडं आधी हाक मारायची. सलग किती दिवस आलात त्याची एक ज्योत दाखवायची, आणि एक दिवस चुकला की विझवायची. डिझाईन रिव्ह्यूमध्ये मी त्याला "एलिगंट" म्हटलं होतं. आमच्या डॅशबोर्डवर तो आलेख वर चढताना बघून मी पेढे नाही वाटले एवढंच. त्या आलेखात दुपारी दोन ते पाच असा एक उंचवटा आहे. आम्ही सगळे म्हणायचो, हा लंच ब्रेकनंतरचा कंटाळा असणार. तिथे कोण बसलेलं असतं हे मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी सांगलीला गेलो. तिच्या फोनमधली सगळी नोटिफिकेशनं बंद करून टाकायची असं ठरवूनच गेलो होतो. सेटिंग उघडली तर आईने हात धरला. "सगळी नको. रात्रीची कर बंद, झोपमोड होते. दुपारची राहू दे."

मग तसंच केलं. माझ्या छान छान व्याख्येत दुपारच्या हाकेला जागा नव्हती. ती करावी लागली.

सोमवारी ऑफिसात मी एक छोटा प्रस्ताव टाकला: रात्री दहा ते सकाळी आठ सगळ्या हाका मुळातच बंद, ज्याला हव्यात त्याने सुरू कराव्यात, आणि विझलेल्या ज्योतीचं चित्र काढून टाकावं. मॅनेजर म्हणाला, "छान आहे. बॅकलॉगमध्ये टाक." टाकलंय. बॅकलॉग काय चीज आहे ते तुम्हा लोकांना सांगायला नको. पण मी तिथे जाऊन त्याला अधूनमधून हाका मारणार आहे.

आणि हो, तो गोट्यांचा खेळ मी माझ्या फोनवर घेतला. माझं प्रामाणिक मत: रंग भडक, आवाज असह्य, आणि १४ व्या लेव्हलवर मी तीन दिवस अडकलोय. आई फोनवरून सूचना देते. "उजवीकडची पिवळी हलव रे, किती वेळ बघतोयस!" मामा तलवार आत घाल म्हणाला होता त्याच सुरात. रोज संध्याकाळी मी तिला एक जीव पाठवतो. नुसता पाठवला तर तिला कळतो की नाही कोण जाणे, म्हणून फोन करून सांगतो.

असो. आई १८६३ वर अडकलीय आणि सात वाजत आलेत. जीव पाठवायचाय. भेटू पुढच्या शनिवार-रविवारी.